बॉश, बॉस्क की बॉस? एका आडनावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला ‘मायको सर्कल’ सांगितलं की पुढं काही सांगावं लागत नाही. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. २००८ पासून तिचं अधिकृत नाव बॉश लिमिटेड आहे. बाकी महाराष्ट्राला बॉश माहीत आहे ते ड्रिल मशीन, वॉशिंग मशीन आणि डिझेल गाड्यांच्या सुट्या भागांमुळे. पण हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे, त्या माणसाच्या कितीतरी शतकं आधीपासून ते चालत आलेलं आहे, आणि जर्मनीपासून दूर भूमध्य समुद्राच्या काठी कॅटलन भाषा बोलणाऱ्या हजारो घरांचंही ते आडनाव आहे, हे कळल्यावर मी त्याच्या मागे लागले. त्या शोधातून हे पान तयार झालं. मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची मला खात्रीची वाटणारी उत्तरं इथं आहेत.

हे आडनाव मुळात कुठलं? जर्मन की कॅटलन?

दोन्हीकडचं. आणि तिसऱ्याही एका ठिकाणचं, ते म्हणजे डच भाषेचा प्रदेश. रोमन लिपीत तिन्हीकडे एकच पाच अक्षरं लिहिली जातात: बी-ओ-एस-सी-एच. जर्मनीत हे आडनाव मुख्यतः नैर्ऋत्येकडच्या श्वाबिया भागात आणि ऱ्हाईन नदीच्या खालच्या खोऱ्यात आढळतं. कॅटलन बाजूला बार्सेलोना आणि जिरोनाचा परिसर, मायोर्का आणि मेनोर्का ही बेटं, व्हालेंसिया, आणि १६५९ च्या तहानंतर फ्रान्सकडे गेलेला रुसिलॉन प्रदेश, म्हणजे पर्पिन्या शहराच्या आसपासचा मुलूख.

उच्चार कोणता बरोबर?

माणूस कुठला आहे त्यावर. जर्मन असेल तर बॉश, कॅटलन असेल तर बॉस्क, डच असेल तर बॉस. लिहिताना एकच दिसणारं नाव तीन तोंडांतून तीन तऱ्हांनी बाहेर पडतं, आणि तिन्ही उच्चार आपापल्या जागी अचूक आहेत. भारतात नावाची ओळखच जर्मन कंपनीमुळे झाली, म्हणून आपण सरसकट बॉश म्हणतो. बार्सेलोनातल्या एखाद्या प्राध्यापकाला मात्र तसं म्हणाल तर त्याचं नाव चुकेल.

कॅटलनमध्ये शेवटच्या ‘सी-एच’चा ‘क’ कसा झाला?

या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. मध्ययुगीन कॅटलन लिखाणात शब्दाच्या शेवटी येणारा ‘क’ दाखवायला ‘सी-एच’ लिहायची पद्धत होती. व्हीक नावाचं शहर आहे, त्याचं नाव जुन्या कागदांत ‘सी-एच’ लावून लिहिलेलं सापडतं. पंधराव्या शतकातला थोर कवी आउसियास मार्क याच्या आडनावाच्या शेवटीही तीच दोन अक्षरं आहेत. ते नाव पाहून इंग्रजी वाचायची सवय असलेले ‘मार्च’ म्हणतात. बार्सेलोनातलं कॅटलन संगीताचं देखणं सभागृह उभारणारा वास्तुविशारद दुमेनेक याचंही तसंच.

१९१३ मध्ये कॅटलन अभ्यास संस्थेनं शुद्धलेखनाचे नियम जाहीर केले. त्यामागे पोम्पेउ फाब्रा या व्याकरणकाराचं काम होतं. तेव्हापासून शब्दाच्या शेवटचा हा ‘क’ साध्या ‘सी’नं लिहिला जाऊ लागला. वन या अर्थाचा शब्दही तेव्हापासून चार अक्षरांचा झाला. आडनावं मात्र माणसांची असतात, कोशाची नसतात. लोकांनी आजोबा-पणजोबांच्या सह्यांमधलं रूप सोडलं नाही. पुढं कॅटलोनियाच्या, म्हणजे बार्सेलोना ज्याची राजधानी आहे त्या स्पेनमधल्या प्रदेशाच्या, १९९८ च्या भाषा कायद्यानं आपलं आडनाव नव्या शुद्धलेखनाप्रमाणे करून घ्यायची मुभा दिली, तरीही बहुतेक घरांनी जुनं ‘सी-एच’ तसंच ठेवलं आहे. आपल्याकडेही मराठीचे लेखननियम बदलले, पण घराच्या पाटीवरचं आडनाव वडिलांनी लिहिलं तसंच राहिलं, अशी उदाहरणं प्रत्येकाला आठवतील.

अर्थ काय?

वन, रान, झाडी. कॅटलनमध्ये वन. डचमध्येही वन. दक्षिण जर्मनीच्या जुन्या बोलींमध्ये अर्थ थोडा लहान होतो: झुडूप, झुडपांची जाळी. बव्हेरियात अजूनही झुडपाला ‘बोशन’ म्हणतात.

‘वन’ हे आडनाव कसं काय होऊ शकतं?

मराठी माणसाला हे समजायला सगळ्यात सोपं जावं, कारण आपली निम्मी आडनावं जागेवरूनच आलेली आहेत. युरोपात बाराव्या-तेराव्या शतकांत गावं वाढली, एका गावात दहा पेरे आणि पंधरा हान्स झाले, आणि करवसुली करणाऱ्याला कोणता पेरे ते कळेना. मग कुणी सोनार म्हणून ओळखला गेला, कुणी लंगडा म्हणून, कुणी बापाच्या नावानं, तर कुणी ‘तो रानाकडेला राहतो तो’ म्हणून. हा शेवटचा प्रकार म्हणजे हे बॉश-बॉस्क आडनाव. सुरुवातीला ते त्या एका माणसापुरतं असे. मुलगा दुसरीकडे राहायला गेला की त्याला वेगळी ओळख मिळे. हळूहळू ते वंशपरंपरागत झालं. १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा आणि लग्नांच्या नोंदी काटेकोर होऊ लागल्या, आणि आडनाव पक्कं झालं.

कॅटलोनियात याला आणखी एक पदर आहे. तिथला शेतकरी ‘मास’मध्ये राहायचा. मास म्हणजे शेतावरचं मोठं दगडी घर, गोठा, कोठार आणि भोवतीची जमीन हे सगळं मिळून. प्रत्येक मासला नाव असे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या बदलत नसे. झाडीलगतचा मास तो ‘मास बॉस्क’. इस्टेटीची वाटणी होत नसे. थोरला मुलगा ‘अरेऊ’, म्हणजे एकटा वारस. मुलगा नसला तर थोरली मुलगी ‘पुबिल्या’ वारस होई, आणि तिच्याशी लग्न करून घरी आलेला जावई पुष्कळदा सासरच्या मासच्या नावानंच ओळखला जाई. थोडक्यात, घरजावयाला घराचं नाव मिळे. त्यामुळे एखाद्या कॅटलन बॉस्क घराण्याची वंशावळ काढली, तर आडनाव सलग दिसेल, पण रक्ताची ओळ मधेच आईकडून गेलेली असेल. या भागात आडनाव हे बापाइतकंच भिंतींचं आणि जमिनीचं आहे. मला यातलं सगळ्यात हृद्य हेच वाटतं.

जर्मनीत यातल्या काही नावांचा उगम घरावरच्या खुणेतूनही झाला. घरक्रमांक नव्हते तेव्हा शहरांतली घरं त्यांच्या चिन्हांनी ओळखली जात. झुडपाचं चिन्ह असलेल्या घरात राहणारा तो ‘बुश’. ऑस्ट्रियात आजही घरची वाइन विकणारा शेतकरी दारावर हिरव्या फांद्यांचा जुडगा टांगतो, तीही अशीच एक खूण.

मग शब्द मुळात कुणाचा? लॅटिनचा की जर्मनांचा?

कॅटलन ही लॅटिनची लेक, म्हणून तिच्यातला वनाचा शब्दही लॅटिन असेल असं वाटतं. पण अभिजात लॅटिनमध्ये वनाला ‘सिल्वा’ म्हणत. ‘बोस्कुस’ हा शब्द मागाहून, मध्ययुगीन लॅटिनमध्ये दिसू लागतो. बहुतेक भाषाभ्यासकांच्या मते तो फ्रँक आणि त्यांच्यासारख्या जर्मानिक टोळ्यांच्या भाषेतून लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडी गेला. फ्रँकांचा आणि कॅटलोनियाचा संबंध तसाही जुना आहे. ८०१ साली शार्लमेनचा मुलगा लुई यानं बार्सेलोना जिंकून घेतलं आणि तो सगळा मुलूख फ्रँक साम्राज्याची सरहद्द बनला.

या एका शब्दाचं कुटुंब केवढं पसरलं आहे पाहा. फ्रेंचमधलं ‘ब्वा’, इटालियनमधलं ‘बोस्को’, स्पॅनिशमधलं ‘बोस्के’, इंग्रजीतलं ‘बुश’. स्पॅनिशमध्ये दबा धरून केलेल्या हल्ल्याला ‘एम्बोस्कादा’ म्हणतात, म्हणजे रानात लपून केलेला. इंग्रजीतला ‘अॅम्बुश’ त्याचाच भाऊ. आणि लग्नाच्या हॉलमध्ये आपण नवरा-नवरीच्या हातात देतो तो ‘बुके’? तोही यातलाच. उत्तर फ्रान्सच्या बोलीत त्याचा मूळ अर्थ होता छोटंसं वन, झाडांचा पुंजका. झाडांचा पुंजका फुलांचा गुच्छ झाला आणि मराठीत ‘बुके’ म्हणून रुळला.

म्हणजे कॅटलन बॉस्क आणि जर्मन बॉश एकमेकांचे नातेवाईक आहेत?

नाहीत. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. शब्द नातेवाईक आहेत, माणसं नाहीत. श्वाबियातल्या कुठल्याशा झुडपांच्या जाळीजवळ राहणाऱ्या शेतकऱ्याला शेजाऱ्यांनी एक नाव दिलं, आणि हजारएक किलोमीटरवर पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी रानालगतच्या दुसऱ्या एका शेतकऱ्याला त्याच्या शेजाऱ्यांनी तेच नाव दिलं. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. इतकंच काय, दोन कॅटलन बॉस्क घरांमध्येही नातं असेलच असं नाही, कारण रानं पुष्कळ होती आणि प्रत्येक रानाच्या कडेला कुणी ना कुणी राहत होतं. सगळे पाटील एकाच घराण्यातले नसतात, तसंच हे.

चित्रकार हिएरोनिमस बॉश यांच्यातला कुठला?

खरं तर कुठलाच नाही! पंधराव्या शतकाच्या मध्यावर जन्मलेला आणि १५१६ मध्ये वारलेला हा चित्रकार नेदरलँड्समधल्या ’स-हेर्तोखेनबॉस या शहरात जन्मला आणि तिथेच राहिला. घराण्याचं नाव होतं ‘फान आकेन’, म्हणजे आखेनचे. आपल्या भाषेत बोलायचं तर आखेनकर. चित्रांवर सही करताना त्यानं स्वतःच्या शहराच्या नावाचा शेवट घेतला. म्हणजे आखेनकर हे घरचं आडनाव बाजूला ठेवून तो बॉसकर झाला. मराठी वाचकाला हे एका वाक्यात कळतं. इंग्रजी पुस्तकांना त्यासाठी परिच्छेद लागतो.

त्या शहराच्या नावाचा अर्थ ‘ड्यूकचं वन’. लोक थोडक्यात ‘डेन बॉस’ म्हणतात, फ्रेंच ‘ब्वा-ल-द्युक’ म्हणतात आणि स्पॅनिश ‘बोल्दुके’. स्पेनचा राजा दुसरा फिलिप या चित्रकाराचा मोठा चाहता होता. त्याच्यामुळे कितीतरी चित्रं स्पेनमध्ये पोहोचली आणि सगळ्यात गाजलेलं तीन फळ्यांचं चित्र आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. स्पेनमध्ये चित्रकाराला ‘एल बोस्को’ म्हणतात.

जाता जाता एक गोष्ट. स्पॅनिश कचेऱ्यांत कागदांचे गठ्ठे बांधायला जी अरुंद लाल फीत वापरत, तिला ‘बाल्दुके’ म्हणतात, कारण ती याच शहरात विणली जायची. आपल्या ‘लालफितीच्या कारभारा’ला स्पॅनिशमध्ये थेट एका वनाच्या गावाचं नाव मिळालेलं आहे.

ज्यांच्या नावाची कंपनी आहे ते बॉश कोण?

रॉबर्ट बॉश. जन्म २३ सप्टेंबर १८६१, उल्म शहराजवळच्या आल्बेक गावी. वडील शेतकरी आणि खानावळ चालवणारे, बारा भावंडांत रॉबर्ट अकरावे. यंत्रकाम शिकून ते अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात आणि इंग्लंडमध्येही राबून आले. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्यांनी स्टुटगार्टमध्ये सूक्ष्म यंत्रकाम आणि विद्युतकामाचं छोटं वर्कशॉप उघडलं. पुढच्याच वर्षी त्यांनी एका जागी बसवायच्या इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं यंत्र. १८९७ मध्ये तो मोटारगाडीला बसला, आणि १९०२ मध्ये त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च विद्युतदाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग अशी जोडी तयार केली. त्यानंतर मोटारीच्या धंद्याला मागे वळून पाहावं लागलं नाही. कंपनीचं गोलातलं चिन्ह पाहिलंत तर ते त्या मॅग्नेटोच्या आर्मेचरचं, म्हणजे तार गुंडाळलेल्या गाभ्याचं, चित्र आहे. ते १९१८ मध्ये होनोल्ड यांनीच काढलं.

१९०६ मध्ये त्यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला, तेव्हा तो जर्मनीत फारसा कुणी देत नव्हतं. हिटलरविरोधी गटातल्या कार्ल गोर्डेलरना त्यांनी आपल्या कंपनीत आसरा दिला आणि छळ होणाऱ्यांना मदत केली. त्याच वेळी युद्धकाळात त्यांच्या कारखान्यांत जबरदस्तीनं आणलेल्या मजुरांकडून काम करून घेतलं गेलं, हेही तितकंच खरं आहे आणि ते सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. १२ मार्च १९४२ रोजी ते वारले. आज कंपनीची बहुतांश मालकी त्यांच्या नावाच्या धर्मादाय प्रतिष्ठानाकडे आहे.

भारतात १९२२ मध्ये कलकत्त्यातल्या विक्री एजन्सीतून हा माल येऊ लागला, १९५१ मध्ये बंगळूरला मायको उभी राहिली, आणि तिचीच एक शाखा नाशिकच्या सातपूरला. डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल तिथं बनत आले. उल्मजवळच्या झुडपाचं नाव गोदावरीकाठी येऊन पोहोचलं ते असं.

‘हाबर-बॉश’ पद्धतीतले बॉश तेच का?

ते नव्हेत, पण त्यांचे सख्खे पुतणे. कार्ल बॉश, जन्म २७ ऑगस्ट १८७४, कोलोन. इथं एक सावधगिरीची सूचना. कोलोन ऱ्हाईनच्या खालच्या खोऱ्याकडे आहे, म्हणून हे तिकडचे बॉश असं वाटेल. पण त्यांचे वडील रॉबर्ट यांचे भाऊ होते, नळजोडणी आणि गॅसच्या सामानाच्या धंद्यासाठी श्वाबिया सोडून तिकडे गेलेले. जन्मगावावरून आडनावाचा उगम ठरवायला गेलं की अशी फसगत होते.

फ्रिट्झ हाबर यांनी प्रयोगशाळेत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. तो कारखान्यात टनांनी बनवायचं काम बीएएसएफ कंपनीत कार्ल बॉश यांच्याकडे आलं. सुमारे २०० वातावरणांचा दाब, ५०० अंशांच्या आसपास तापमान. पोलादी नळ्या काही दिवसांत फुटायच्या. बॉश यांनी शोधून काढलं की तप्त हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन काढून नेतो आणि पोलाद ठिसूळ होतं. त्यावरचा त्यांचा उपाय इतका साधा आहे की मी तो प्रथम वाचला तेव्हा पान पुन्हा उलटून पाहिलं. आत मऊ लोखंडाचं अस्तर, ज्यात कार्बन जवळजवळ नाहीच. बाहेर दाब सोसणारं पोलाद. आणि त्या पोलादाला बारीक भोकं, म्हणजे अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन पोलादात न मुरता बाहेर निघून जाईल. लोखंडावर आधारलेला स्वस्त उत्प्रेरक आल्विन मिटाश यांनी हजारो चाचण्या करून शोधला. १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला.

त्याच ओपाऊत २१ सप्टेंबर १९२१ रोजी खताच्या साठ्याचा स्फोट होऊन ५०० हून अधिक माणसं गेली. १९३१ मध्ये बॉश यांना फ्रीडरिख बेर्गिउस यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ज्यू शास्त्रज्ञांना हाकलण्याला त्यांनी विरोध केला आणि नाझी राजवटीत ते बाजूला पडत गेले. १९४० मध्ये हायडेलबर्गला त्यांचं निधन झालं.

जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचं अन्न या पद्धतीनं बनलेल्या खतावर उभं आहे, असा अंदाज केला जातो. चेंबूर आणि अलिबागजवळच्या थळ इथल्या राष्ट्रीय केमिकल्सच्या कारखान्यांत युरियासाठी लागणारा अमोनिया याच तत्त्वानं तयार होतो. विदर्भातला कापूसवाला असो की कोल्हापूरचा ऊसवाला, युरियाचं पोतं फोडणाऱ्या प्रत्येकाचा या आडनावाशी संबंध आलेला आहे.

कॅटलन बाजूला कोण नाव घेण्याजोगं?

पुष्कळ, आणि आपल्याकडे त्यांची नावं पोहोचलेली नाहीत याची मला खंत आहे. जुन्यांपैकी पर्पिन्याचे आंद्रेउ बॉस्क. कॅटलोनिया आणि रुसिलॉनच्या मानसन्मानांवर त्यांनी लिहिलेला जाडजूड ग्रंथ १६२८ मध्ये छापला गेला आणि इतिहासकार अजून तो चाळतात.

विसाव्या शतकातलं मोठं नाव म्हणजे पेरे बॉस्क इ जिंपेरा, जन्म १८९१, बार्सेलोना. आयबेरियाच्या प्रागैतिहासिक संस्कृतींचे ते जाणकार. तरुणपणी ते शिकायला बर्लिनला गेले होते. एक कॅटलन बॉस्क जर्मनीत विद्यार्थी म्हणून राहतो आहे आणि तिथले लोक सहजच त्याला बॉश म्हणत असणार, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे नेहमी येतं. १९३३ मध्ये ते बार्सेलोना विद्यापीठाचे कुलगुरू झाले, स्पेनच्या यादवी युद्धाच्या काळात कॅटलन सरकारचे न्यायमंत्री. १९३९ मध्ये बंडखोर सेनापती फ्रँकोची सेना जिंकली आणि त्यांना देश सोडावा लागला. मेक्सिकोनं त्यांना घर दिलं, युनेस्कोत त्यांनी काही वर्षं काम केलं, आणि १९७४ मध्ये मेक्सिको सिटीतच त्यांचा शेवट झाला.

बादालोनाचे बॉस्क बंधू वेगळ्याच कारणानं लक्षात राहिले. १८७० मध्ये त्यांनी बडीशेपेच्या वासाच्या दारूची भट्टी काढली. त्या दारूच्या बाटलीवर हिरेकामासारखे उंच-सखल पैलू आहेत. नाताळात स्पॅनिश घरांमध्ये ती बाटली चमच्यानं खरवडून गाण्यांना ताल धरतात.

आणि बार्सेलोना बंदरातला एक धक्का. लोक त्याला ‘लाकडाचा धक्का’ म्हणतात, कारण जहाजांतून येणारं लाकूड तिथं उतरायचं. त्याचं अधिकृत नाव आहे बॉस्क इ आल्सिना धक्का, शहराचे महापौर राहिलेले व्यापारी रुमुल बॉस्क इ आल्सिना यांच्यावरून. वन हे आडनाव असलेल्या माणसाचं नाव लाकडाच्या धक्क्याला मिळावं, हा योग कुणी ठरवून आणला नसेल.

डॉमिनिकन प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष बॉश जर्मन वंशाचे होते का?

नाही, कॅटलन. हुआन बॉश यांचे वडील एब्रो नदीकाठच्या तोर्तोसाहून कॅरिबियनमध्ये गेलेले, आई पोर्तो रिकोची. जन्म १९०९, ला व्हेगा. ते आधी कथाकार, मग राजकारणी. लॅटिन अमेरिकेतल्या खेड्यातल्या गरिबांवर इतक्या कमी शब्दांत लिहिणारे कथाकार थोडे. हुकूमशहा त्रुहियोच्या राज्यात राहणं अशक्य झाल्यावर ते वीसहून अधिक वर्षं परदेशात राहिले. १९६१ मध्ये त्रुहियो मारला गेला, १९६२ च्या डिसेंबरात निवडणूक झाली आणि बॉश मोठ्या फरकानं जिंकले. २७ फेब्रुवारी १९६३ ला त्यांनी पदभार घेतला. मजुरांचे आणि भूमिहीनांचे हक्क मांडणारी राज्यघटना त्यांनी आणली. लष्कर, जमीनदार आणि चर्च बिथरले. २५ सप्टेंबरला सत्ता उलथवली गेली. सात महिने, एवढंच.

१९६५ च्या एप्रिलमध्ये त्यांना परत आणण्यासाठी लोक आणि लष्करातला एक गट रस्त्यावर उतरला, तेव्हा अमेरिकेनं तिथं सैन्य उतरवलं. त्यानंतर बॉश अनेकदा उभे राहिले पण पुन्हा कधी निवडून आले नाहीत. त्यांनी १९७३ मध्ये काढलेला पक्ष मात्र १९९६ मध्ये सत्तेवर आला, आणि ते पाहायला ते हयात होते. २००१ मध्ये ते गेले.

‘बॉस्क इ जिंपेरा’ मधला ‘इ’ कशाचा?

‘आणि’चा. स्पेनमध्ये प्रत्येकाची दोन आडनावं असतात: परंपरेनं आधी वडिलांचं, मग आईचं. कॅटलन माणसं त्यांच्यामध्ये ‘इ’ घालतात. वडिलांकडून बॉस्क, आईकडून जिंपेरा. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही. वंशावळ शोधणाऱ्याला ही पद्धत वरदान आहे. आपल्याकडे आजीचं माहेरचं आडनाव तिच्यासोबतच हरवतं. तिथं ते नातवाच्या कागदांत सापडतं.

याच्या जवळची आडनावं कोणती?

जर्मनमध्ये बुश, इंग्रजीतही बुश. डचमध्ये ‘फान डेन बॉस’ म्हणजे वनातले, आणि ‘टेन बॉस’ म्हणजे वनाशेजारचे. हेग शहरातल्या राजवाड्याचं नाव ‘हाउस टेन बॉस’ आहे. ईस्ट इंडीज बेटांवर, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, १८३० पासून सक्तीची नगदी पिकं लादणारा डच गव्हर्नर जनरल योहानेस फान डेन बॉस याच कुळातल्या नावाचा. फ्रेंचमध्ये द्युब्वा. आणि फुटबॉल पाहणाऱ्यांना माहीत असलेलं कॅटलन ‘बुस्केत्स’ म्हणजे छोटी वनं, राया.

गोव्यात असं काही आहे का?

हा शब्द नाही, पण हा अर्थ आहे. वर सांगितलेल्या जुन्या लॅटिन ‘सिल्वा’चं पोर्तुगीज आडनाव झालं आणि सोळाव्या शतकापासून गोवा आणि वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबांपर्यंत आलं: सिल्वा, डिसिल्वा. फरक एवढाच की तिथं ते बहुधा बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेलं नाव आहे. म्हापशाच्या डिसिल्वांच्या घरामागे रान असायलाच हवं असं नाही.

या आडनावाचे पूर्वज शोधायचे तर सुरुवात कुठून?

हा प्रश्न मला परदेशात लग्न झालेल्या दोघा-तिघांनी विचारला आहे. आधी ठरवा की घर कुठल्या गावचं. देश पुरेसा नाही. स्पेनमध्ये नागरी नोंदणी १८७१ पासून आहे, सगळ्या जर्मन साम्राज्यात १८७६ पासून. त्याआधी चर्चच्या वह्या. कॅटलोनियात १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा असंख्य चर्च जाळली गेली आणि वह्याही गेल्या. जर्मनीत १६१८ ते १६४८ च्या तीस वर्षांच्या युद्धानं तेच केलं. वही जळाली असेल तर कॅटलोनियात ‘फुगाट्जे’ पाहा. चुलींवर कर बसवण्यासाठी घरटी केलेल्या या याद्या. १४९७ आणि १५५३ च्या याद्यांत गावोगावच्या कुटुंबप्रमुखांची नावं आहेत. शोधताना नव्या-जुन्या दोन्ही लेखनांनी शोधा, नाहीतर अर्धी माणसं निसटतात.

आडनावाचं कुलचिन्ह विकत मिळतं, ते खरं का?

चिन्ह एखाद्या घराण्याला दिलेलं असतं, आडनावाला नव्हे. झाडाचं चित्र असलेली ढाल कुण्या एका बॉस्क कुटुंबाची असेलही. ती तुमची ठरायला त्या कुटुंबापर्यंतचे कागद हवेत. पैसे त्या कागदांवर खर्च करा.

मराठीत लिहायचं कसं?

मी असं करते: रॉबर्ट, कार्ल आणि कंपनी यांच्यासाठी ‘बॉश’, बार्सेलोना, जिरोना, पर्पिन्याच्या माणसांसाठी ‘बॉस्क’, डच माणसांसाठी आणि शहरासाठी ‘बॉस’. हिएरोनिमस मराठीत आधीच बॉश म्हणून रूढ झाला आहे, त्याला तसाच राहू दिला आहे. हुआन यांचंही तसंच, जरी त्यांच्या वडिलांच्या तोर्तोसात कुणी हाक मारली असती तर ती ‘बॉस्क’ अशीच ऐकू आली असती.